चारशे बारा सेकंद

त्या पहाटे उत्तरेश्वर तात्यांनी फवारणी केली नाही, कारण त्यांच्या फोनवर हिरवं दिसत होतं.

तात्या अर्पिताचे सख्खे चुलते. जळकोटच्या शिवारात ओढ्याच्या अंगाला त्यांची दीड एकर द्राक्षबाग. अर्पिता भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि नोकरी शोधता शोधता तिनं गावातल्या नऊ बागांत नऊ खांब रोवले. प्रत्येक खांबावर तिनं स्वतः जोडलेली यंत्रं होती. तापमान, आर्द्रता, वारा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेलीचं पान किती तास ओलं राहिलं, हे ती मोजत. खांबाच्या टोकाला मोबाइलची रेंज यायची, खाली उभ्या माणसाला यायची नाही. सगळे आकडे तिच्या वेबपानावर जमा व्हायचे आणि पहाटे पाचला पान रंग सांगायचं. लाल म्हणजे आजच फवारा, नाहीतर डाऊनीची बुरशी येणार. हिरवं म्हणजे निवांत. कुणीही उघडावं, कुणालाही पैसे नाहीत.

त्या दिवशी पान लाल होतं. तात्यांच्या फोनवर मात्र ते उघडलंच नाही. नवीन पान येईपर्यंत जुनं जागेवर राहतं, आणि जुनं होतं आदल्या दिवशीचं हिरवं. तात्यांनी ते पाहिलं, फोन खिशात टाकला आणि चहाला गेले. दुपारपासून दोन दिवस पाऊस लागला. चिखलात ट्रॅक्टर शिरेना. तिसऱ्या दिवशी कोवळ्या घडांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, आणि आठवड्यात अख्खी बाग तपकिरी होऊन गळाली.

सत्यभामा काकू पुतणीला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. ताटात भाकरी वाढताना फक्त म्हणाल्या, "तुज्या पानावर लई भरवसा व्हता त्यांचा."

अर्पितानं ताट बाजूला सारलं. त्याच संध्याकाळी तिनं पानावर तारीख मोठ्या अक्षरात आणली, म्हणजे शिळा रंग कुणाला फसवणार नाही. पण पान उघडलंच का नाही, हा प्रश्न उरला, आणि प्रश्न उरला की तिला झोप येत नसे.

तात्यांच्या घरी इंटरनेट होतं ते राजवेगचं. नळदुर्गाच्या रणधीरनं ही कंपनी काढली होती आणि दोन वर्षांत हायवेच्या दोन्ही बाजूंची गावं धरली होती. ओढ्याकाठच्या वस्त्यांना दुसरं काही पोचतच नव्हतं. अर्पितानं एक साधा प्रयोग केला. आपलंच पान, तेवढ्याच वजनाचं, त्याच सर्व्हरवर, पण दुसऱ्या नावानं ठेवलं. नाव दिलं 'गवत'. मग काकूंच्या ओट्यावर बसून दोन्ही उघडून पाहिली. गवत शून्य पूर्णांक नऊ सेकंदांत उघडलं. तिचं स्वतःचं पान उघडायला चारशे बारा सेकंद लागले.

तिनं सकाळी, दुपारी, संध्याकाळी मिळून चाळीस वेळा मोजलं. गवत कधी सेकंदाच्या पुढं गेलं नाही. पान चारशे बाराच्या मागंपुढं तीन-चार सेकंद. वहीतला तो रकाना तिनं पुन्हा वाचला. आपोआप होणारा बिघाड इतका नेमका नसतो. इतका नेमकेपणा माणसाचा असतो.

ती एसटीनं नळदुर्गला गेली. रणधीरचं ऑफिस ढाब्यांच्या रांगेत, वरच्या मजल्यावर. तो पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं तिला बसवलं, थंड पाणी दिलं, वही पाहिली.

"हुशार हायस," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? केलंय आम्ही. खाली टोलनाका बघितला का? एक लेन फास्टॅगची, एक बाकीच्यांची. आमचं राजवेग शेती ॲप फास्टॅगच्या लेनमधून जातंय. तुजं पान दुसऱ्या लेनमधून."

"रस्ता तुमच्या मालकीचा नाही, दादा. लोक तुम्हाला कनेक्शनचे पैसे देतात ते काहीही उघडायला. कुणाचं पान पुढं आणि कुणाचं मागं, हे पुरवणाऱ्यानं ठरवायचं नाही, असा नियम आहे."

"मग कर की तक्रार. दिल्लीला पाठव." तो हसला. "तवर हंगाम संपतोय. त्यापेक्षा ऐक. तुजे खांब आमच्या ॲपात घाल. उद्यापासून पळतंय बघ तुजं पान घोड्यावानी."

"माझ्या चुलत्याची बाग गेली."

"वाईट झालं," रणधीर म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ॲप घेतलं असतं तर वाचली असती."

जिना उतरताना अर्पिताला राग आला नाही. राग जाऊन त्या जागी काहीतरी थंड आणि कठीण बसलं होतं. तक्रार तिनं केली. पोच आली, क्रमांक आला. पण तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. ह्या माणसाला जळकोटच्या लोकांसमोर, नाव घेऊन, तोंडावर पाडायचं होतं.

त्यासाठी वेळही थोडाच होता. गावच्या द्राक्ष बागायतदार गटानं पुढच्या गुरुवारी बैठक ठेवली होती. राजवेगला सोसायटीच्या गच्चीवर, कंपनीच्या जुन्या खांबाशेजारी, नवा मनोरा उभारायला जागा द्यायची, आणि बदल्यात गटाच्या सगळ्या घरांना राजवेग शेती ॲप मिळणार. करार तीन वर्षांचा. तो झाला की अर्पिताचे नऊ खांब कपडे वाळत घालायच्या कामाचे.

तिनं ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं. वर लिहिलं होतं: उपग्रहावरून दर मिनिटाला ताजी माहिती. खाली जळकोटची नऊ ठिकाणं होती. तिनं पहिल्या ठिकाणचे आकडे वाचले, मग दुसऱ्या, मग चौथ्यावर थांबली. चौथ्या ठिकाणी वारा शून्य होता. तीन दिवसांपासून शून्य. आणि हे फक्त तिला ठाऊक होतं, की चौथ्या खांबावरच्या वाऱ्याच्या चक्रात कावळ्यानं काडी अडकवली आहे आणि ती काढायची राहिली आहे.

उपग्रहाला कावळ्याची काडी कशी दिसेल?

रणधीरचं ॲप तिच्याच पानावरून आकडे उचलत होतं. गावाला पान द्यायचं नाही, पण स्वतः दर मिनिटाला पळवायचं, आणि तेच आकडे उपग्रहाच्या नावावर विकायचे. अर्पिता मोठ्यानं हसली. आत चुलीपाशी बसलेल्या काकू दचकल्या.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की सगळेच आकडे खोटे टाकावेत. ॲप चुकेल, लोक रणधीरला फाडून खातील. बोटं कीबोर्डवर होती. मग तिनं ॲप घेतलेली घरं मोजली. बासष्ट. प्रत्येकाची बाग होती, प्रत्येकजण पहाटे रंग बघणार होता. तिनं बोटं उचलली. खोटा आकडा टाकायचाच तर असा, की ज्याच्याखाली कुणाचंच रान नसेल.

गुरुवारी सकाळी तिनं आपल्या पानावर दहावं केंद्र उघडलं. नाव दिलं: कुठंच नाही.

बैठक दुपारी होती. सोसायटीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं सतरंजीवर बसली होती. गटाचे अध्यक्ष सिद्रामप्पा खुर्चीवर. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. रणधीरनं लॅपटॉप लावला आणि भिंतीवर ॲप दाखवलं.

"बघा मंडळी. अमुक कंपनीचा खांब न्हाय, तमुक न्हाय. थेट आभाळातनं."

"रणधीरदादा," अर्पिता उठून म्हणाली, "तुमच्यात ठिकाणं किती आहेत?"

"नऊ." त्यानं भिंतीकडं पाहिलं. "नव्हं, दहा. दहावं नवीन आलंया."

"नाव काय त्याचं?"

पुढच्या रांगेतल्या एकानं वाचलं, "कुठंच नाही." थोडी खसखस पिकली.

"आता सगळ्यांनी आपापल्या फोनवर हॉलचं राजवेगचं वायफाय लावा आणि माझं पान उघडा," अर्पिता म्हणाली. "आप्पा, तुमच्या घड्याळात वेळ धरा."

"धरली," सिद्रामप्पा म्हणाले.

तिनं स्वतःच्या फोनचं वायफाय बंद केलं. इथं हायवेच्या अंगाला मोबाइलची रेंज होती. "आप्पा, आता एक आकडा सांगा. मनात येईल तो."

"कशाला गं?"

"सांगा तर."

सिद्रामप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "तीनशे पाच."

तिनं कुठंच नाही ह्या केंद्राच्या तापमानात तीनशे पाच लिहिलं, फोन खाली ठेवला आणि हाताची घडी घालून भिंतीकडं बघत उभी राहिली. रणधीरच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानं लॅपटॉपची केबल ओढली, पण ती सिद्रामप्पांच्या खुर्चीखालून गेली होती आणि आप्पांनी तिच्यावर पाय ठेवला होता. मुद्दाम की सहज, ते त्यांनाच ठाऊक.

भिंतीवरचा आकडा बदलला. तापमान: ३०५ अंश.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, उपग्रह भाजून निघाला की रं!" आणि हॉलभर हशा फुटला.

"आप्पा, किती वेळ लागला?"

"मिनिट न्हाय झालं."

"आणि माझं पान कुणाच्या फोनवर उघडलं?"

माणसांनी फोन वर केले. शंभर फोनांवर गोल गोल फिरत होतं.

"म्हणजे बघा. आकडा मी माझ्या पानावर टाकला. तो ह्यांच्या ॲपनं उचलला, एका मिनिटात. तेच पान तुम्हाला सात मिनिटांत मिळतं. अडवलंय ह्यांनी. नळदुर्गच्या ऑफिसात स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला, तुजं पान दुसऱ्या लेनमधून म्हणून."

"टेक्निकल बिघाड हाय," रणधीर म्हणाला. "तिचा सर्व्हर लहान—"

"रणधीरराव."

तात्या उठले होते. बैठकीत ते कधी बोलत नसत.

"त्या दिवशी पहाटं पाच वाजता मी ओट्यावर उभा व्हतो. पंप भरून तयार व्हता. फोनवर हिरवं दिसलं. म्या पंप रिकामा केला." तात्या थांबले. "रिकामा केला म्या."

आणि खाली बसले.

त्यानंतर रणधीरला कुणी बोलू दिलं नाही. एकजण म्हणाला मनोरा राहू दे, आहे तो खांबसुद्धा उपटा. दुसरा म्हणाला ह्याची गाडी अडवा. अर्पिता ते सगळं ऐकत होती आणि तिला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटतंय ह्याची तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

पण कनेक्शन तोडा म्हटल्यावर ती पुढं आली. "तोडू नका. पोरांचे अभ्यास आहेत, बाहेरगावच्या लेकींचे फोन आहेत. तोडून ह्यांचं फार तर नुकसान होईल. मला ते पुरत नाही."

"मग काय पायजे तुला?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"करार नाही. अडवलेली सगळी पानं आजच मोकळी करायची, माझंच नाही, कुणाचंही. ॲपवर खरं लिहायचं, आकडे कुठून येतात ते. आणि रोज सकाळी सहाला, दूध घालायच्या वेळी, दूध डेअरीच्या फळ्यावर लिहायचं. राजवेगच्या लाइनवर माझं पान किती सेकंदांत उघडलं आणि त्यांचं ॲप किती. दोन्ही आकडे शेजारी शेजारी."

"माणूस पाठवतो," रणधीर घाईनं म्हणाला.

"नाही. तुम्ही यायचं. नळदुर्गाहून, स्वतः. खडू हातात घेऊन."

"किती दिवस?"

"एकशे तीस."

सिद्रामप्पांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "पोरी, माणूस वाकला. आता एवढं कशाला ताणतीस? आठ दिवस पुरं."

"छाटणीपासून काढणीपर्यंत बाग एकशे तीस दिवसांची असते, आप्पा. तात्यांची बाग आठ दिवसांची नव्हती."

आप्पांनी केबलवरचा पाय उचलला. "गच्चीवरला जुना खांब सोसायटीच्या जागंत हाय, रणधीरराव. ऱ्हायला पायजे तर या सकाळी सहाला."

शुक्रवारी सकाळी जळकोटच्या डेअरीसमोर चाळीसेक माणसं किटल्या घेऊन उभी होती. दूध घालून झालं तरी कुणी घरी गेलं नाही. सहाला पाच कमी असताना पांढरी गाडी आली. रणधीर उतरला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, डोळे सुजलेले. त्यानं कुणाकडं न बघता फोन काढला, पान उघडलं, ॲप उघडलं आणि फळ्यावर लिहिलं: १.१ आणि १.०. हाताला लागलेला खडू रुमालाला पुसत तो गाडीकडं वळला.

"दादा," अर्पिता म्हणाली.

तो थांबला.

"एकदा मोजलेलं मी धरत नाही. तीनदा मोजायचं, मग सरासरी काढायची."

चाळीस माणसं बघत होती. गर्दीत तात्या होते. त्यांनी रिकामी किटली जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर सावकाश बसले, म्हणजे नीट दिसेल.

रणधीर परत फळ्याकडं आला आणि त्यानं फोन पुन्हा बाहेर काढला.