प्रमिलाची जागा

"हाई मी म्हनंच नही!" शांतीबाईंनी भिकन मास्तरांच्या हातातला कागद असा हिसकला की एक कोपरा मास्तरांच्या बोटांतच राहिला. ओट्यावर जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यानं तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुकलाल खाली मान घालून बसला. आईला खूश करायला म्हणून तो मुंबईहून सारंगखेड्याला तो कागद घेऊन आला होता, आणि झालं भलतंच.

साल सदुसष्टचं. मुंबईच्या एका संस्थेत भिंतभर कॉम्प्युटर होता आणि त्याला हुकूम देण्यासाठी एक नवी भाषा रचली जात होती. त्या हुकमांच्या मध्येच चार-दहा ओळींचा मजकूर जसाच्या तसा कसा द्यायचा, तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे मशीनला कसं सांगायचं, एवढं काम सुकलालकडे होतं. चाचणीसाठी त्यानं आईची लग्नातली गाणी इंग्रजी अक्षरांत, भोकं पाडून मशीनच्या कार्डांवर उतरवली. शांतीबाई वधूकडून गायच्या आणि त्यांची विहीण, म्हसावदची प्रमिलाबाई, वराकडून उत्तर द्यायची. पंचक्रोशीत दोघींशिवाय लग्नाला रंग चढत नसे. प्रमिलाबाई पौषात गेली. तिची उत्तरंही शांतीबाईंनीच सांगितली होती, आणि सुकलालनं ती ओळीच्या सुरुवातीला भरपूर जागा सोडून, आत सरकवून लिहिली होती.

सुकलालच्या वरच्या साहेबांनी ती जागा खाल्ली, म्हणजे छापताना मशीनकडून काढून टाकली. कार्डं नीटनेटकी दिसावीत म्हणून लोक आपल्या सोयीनं ओळी आत सरकवतात, ती जागा मजकुरात नको, असा त्यांचा नियम. "मोकळी जागा म्हणजे काही नाही," साहेब म्हणाले होते, आणि सुकलालचा विरोध त्यांनी चहाच्या कपाबरोबर बाजूला सारला होता. सगळ्या ओळी एका रेषेत छापल्या गेल्या, आणि वर मथळा 'शांतीबाईंची गाणी'.

तोच कागद मास्तरांनी आज ओट्यावर वाचायला घेतला होता, "नवरदेव उना घोडावर, घोडं कोनं मांगेल?" घोडं कुणाचं उसनं आणलं, हा टोमणा आपलाच म्हणून शांतीबाई खुशीत डोलल्या. लगेच पुढची ओळ आली, "घोडं आमनं घरनं, मामा तुमना मांगेल!"

"मन्हा सख्खा भाऊले मी उसना म्हनसू का?" त्या आता सुकलालवर उलटल्या. "हाई प्रमिलानं शे! ती कोठे शे आठे? मरनी ते मरनी, तुन्ही मशीननी तिले परत मारी टाकं!"

"माय, शब्द तं सर्वा शेतस ना..."

"शब्द घाल चुलामा! तिन्ही जागा कोठे गई?"

सुकलालचं डोकं एकदम तापलं. आईवर नव्हे, साहेबांवर, आणि शब्द आले म्हणून समाधान मानणाऱ्या स्वतःवर. त्यानं कागद उलटा केला आणि पेन्सिल कागद फाटेल इतक्या जोरानं दाबत लिहायला लागला. मजकूर संपल्याची खूण एका ओळीवर एकटी. ती जिथे उभी, तिथून डावीकडची मोकळी जागा आमच्या सोयीची, ती मशीननं खुशाल खावी. उजवीकडची जागा बोलणाऱ्याची. तिला कुणाचाही हात लागता कामा नये.

"काय लिखी ऱ्हायना?" शांतीबाईंनी विचारलं. राग अजून उतरला नव्हता.

त्यानं सांगितलं. साहेब काय म्हणाले होते तेही सांगितलं, की मोकळी जागा म्हणजे काही नाही.

ओट्यावरचं हसू थांबलं. शांतीबाई गाताना उजव्या हाताला प्रमिलाबाईसाठी थोडी जागा सोडून बसत, पौषापासून आजपर्यंत तशाच. आताही बसल्या होत्या. त्या जागेवर त्यांनी जोरात हात आपटला.

"तुन्हा साहेबले इचार, त्याना घरमा कोनी मरेल शे का? मरेल मानूसनी जागा रिकामीच ऱ्हास. म्हनीसन ती कोनी खाई टाकस का?"