लुबोशचं प्राग

सकाळच्या गाडीनं बोहुमीर प्रागला उतरला, तेव्हा श्टेपांका फलाटावर त्याची वाट बघत होती. थंडीनं तिचं नाक लालबुंद झालं होतं. बोहुमीरच्या एकुलत्या एका मुलाशी, लुबोशशी, तिचं लग्न ठरलं होतं. पण लग्नाआधीच लुबोश मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

“बाबा, प्रवास नीट झाला ना?”

“झाला की! डब्यात एवढं गरम, म्हटलं भाजूनच काढतात आता.” त्यानं बायकोनं भरून दिलेली पिशवी पुढं केली. “व्लास्तानं खसखशीचे पाव दिलेत. दाबू नकोस, नाहीतर घरी माझी खैर नाही.”

लुबोश दर हिवाळ्यात म्हणायचा, “बाबा, एकदा बर्फातलं प्राग बघायला याच.” बोहुमीरचा पाय कधी गाईंमुळे निघाला नाही, कधी कंबरेमुळे. मुलगा गेल्यावर ते राहून गेलेलं त्याला आतून पोखरू लागलं. यंदा गाई विकल्या आणि त्यानं श्टेपांकाला फोन केला. “तो जे दाखवणार होता, ते तू दाखव.”

दोघं किल्ल्याची चढण चढली. रात्रभर बर्फ पडला होता, खाली सगळी छपरं पांढरी झाली होती.

“इथं उभा राहायचा का गं तो?”

“हो, बाबा.”

कॅथेड्रलमध्ये त्यानं तेच विचारलं, पुलावरही तेच. प्रत्येक वेळी ती ‘हो’ म्हणाली आणि तो तिथल्या दगडावर हातमोजा काढून हात ठेवत राहिला. एका संताच्या पुतळ्याच्या डोक्यावर बर्फ साचला होता. “आमचा पाद्री असाच दिसतो, जेवणानंतर,” तो म्हणाला आणि ती हसली. लुबोश गेल्यापासून त्याला असं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी लसणाचं गरम सूप समोर आलं, पण श्टेपांकानं चमच्याला हात लावला नाही.

“बाबा, सकाळपासून मी खोटं बोलतेय. लुबोशनं यातलं काहीच पाहिलं नव्हतं. रविवारी आम्ही दुपारपर्यंत लोळत पडायचो. प्राग काय पळून जातंय का, म्हणायचा.”

बोहुमीरला हसूच फुटलं. “आळशी कुठला! मग तुला हे गल्लीबोळ कसे ठाऊक?”

ती खाली बघत म्हणाली, “ओंद्रेय हिंडवतो मला.”

“कोण ओंद्रेय?”

“उन्हाळ्यात लग्न करतोय आम्ही. फोनवर सांगायला जीभच रेटेना.”

नाताळच्या आदल्या रात्री तिला जेवायला घरी बोलवायचं, असं व्लास्तानं त्याला चारचारदा बजावलं होतं. ते शब्द त्याच्या ओठांवर होते. त्यानं ते गिळले.

“चांगला आहे का?”

“आहे.”

“हसवतो तुला?”

“हसवतो.”

“लुबोश हसवायचा.”

“फार हसवायचा, बाबा!” म्हणून ती हुंदके देऊ लागली. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

“उगी, पोरी. जन्मभर का अशीच बसणार होतीस? चल, तो खरंच जिथं राहायचा, ते दाखव मला.”

ट्रामनं ती दोघं शहराच्या टोकाला गेली. तिथं एकसारख्या राखाडी इमारतींची रांग होती. श्टेपांकानं वरच्या एका खिडकीकडे बोट दाखवलं. आत दुसऱ्याच कुणाचे पडदे होते, आणि एक बाई काचेवरची वाफ पुसत होती. बोहुमीरनं टोपी काढली. बर्फ त्याच्या टकलावर पडत राहिला, तरी त्यानं ती घातली नाही. शेवटी श्टेपांकानंच ती त्याच्या डोक्यावर ठेवली.

स्टेशनवर ती म्हणाली, “मी फोन करत जाईन.”

“कर. पण आमची कीव येते म्हणून नको करूस.”

गाडी हलल्यावर तो खिडकीकडे तोंड करून रडला. समोरच्या माणसानं वर्तमानपत्र उंच धरलं.

घरी व्लास्ता दारातच उभी होती. “येतेय ना ती?”

“नाही. लग्न ठरलंय तिचं.”

व्लास्ता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हळूच टेकली. मग एप्रनला हात पुसत तिनं विचारलं,

“मुलगा बरा आहे ना रे?”

“बरा आहे म्हणाली,” बोहुमीर म्हणाला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.