शेवट चिमटीकडे आहे

बाळाला छातीशी धरून ती दातांच्या लॅबचा जिना चढली तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो विचारायची तिला धास्ती वाटत होती. गेले अकरा दिवस तो प्रश्न तिच्याबरोबर जेवत होता, तिच्याबरोबर दुपटी वाळत घालत होता. त्या गुरुवारी काकांनी फोन केला तो कशासाठी?

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. दीड तास रडून बाळ नुकतं कुठे झोपलं होतं. ती दाराआड जाऊन कुजबुजली, "काका, आत्ताच झोपलाय हो. नंतर बोलू." पलीकडून काकाही कुजबुजले, "झोपू दे, झोपू दे. माझं काय, मी जागाच आहे." त्यानंतर दोनदा फोन आला. तिनं तो आवाज बंद करून पालथा ठेवला होता. शुक्रवारी सकाळी काका कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस आधीपासून दुखत असणार, अंगावर काढलं असेल.

ते 'एक-दोन दिवस आधीपासून' तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

काकांना सगळे कवळीकाका म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दात बनवले. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून ती माणसाच्या तोंडात बसवून बघतात. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात त्यासाठी म्हातारी मंडळी यायची. डॉक्टरीणबाई सांगायच्या, तोंड मिटा, दात जुळवून बघा. काका मात्र स्वतः जिना चढून वर जायचे आणि खुर्चीशेजारी स्टूल ओढून गोष्ट सांगायचे. "चावायला काय, चार दिवसांत शिकाल आजी. पण हसताना दात समोरच्याच्या ताटात पडले तर माझी अब्रू जाईल." आजी पोट धरून हसल्या आणि कवळी हलली नाही, की काका म्हणायचे, "पास!" यासाठी त्यांना रोज नवी गोष्ट लागायची, आणि ती ते घडवायचेही दातांसारखीच, घासून घासून.

त्यांच्या शेजारी बसून तिनं चार वर्षं मेणात दात लावले होते. केसाएवढी फट राहिली तरी ती धरायची, म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं चिमटी. बाळ झाल्यावर तिची ती नजर सगळी बाळावर खिळली. सात महिने ती दर अर्ध्या तासानं त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती. घरी कुणाला येऊ देत नव्हती. कोण खोकला घेऊन येईल, कोण सर्दी, सांगता येतं का? फोनही घ्यायची तो आईचा आणि नवऱ्याचा. काकांचा त्या दिवशी चुकून घेतला गेला होता.

लॅबमध्ये काकू होत्या, समोरच्या दुकानातले टेलर मास्तर होते आणि जिन्याखाली बसणारे किल्लीवाले. महिनाअखेर जागा सोडायची होती, म्हणून काकूंनी तिघांनाच बोलावलं होतं. तिनं दारातूनच सगळं टिपलं. काकांच्या स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं. फडताळात प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले होते. मास्तर खिडकीशी आणि किल्लीवाले पार दाराशी. दुकानाच्या पाटीवरून दोघांचं वाजलं होतं, आणि सात-आठ महिने ते एकमेकांशी बोलत नव्हते.

"ये गं," काकू म्हणाल्या. "केवढा झाला! अगदी गलेलठ्ठ."

"आहे आपला," ती म्हणाली आणि बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "तो एकदा माझ्याकडे पँट शिवायला आला होता. मी कमरेचं माप घेतलं तर म्हणतो, मास्तर, दोन इंच कमी लिहा, बायको वाचेल."

काकू हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "आणि मी ती पँट दोन वर्षं उसवून देत होते."

"वहिनी, त्यांना सांगा," दारातून किल्लीवाले म्हणाले, "की पँटचं माप मलाही माहीत आहे. तीच घालून तो माझ्याकडे यायचा. म्हणायचा, अरे, कुलूप उघडतोस, हे बटण तेवढं उघडून दे."

पुन्हा हसू आलं आणि लगेच ओसरलं. तेवढ्यात तिनं धीर केला.

"काकू, त्या गुरुवारी काकांच्या छातीत दुखत होतं का?"

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दुखत असेलही. मला कुठे सांगणार ते? ताप आला तरी म्हणायचे, थर्मामीटरला बरं नाहीये."

म्हणजे होतं. मास्तरांनी घसा खाकरला.

"गुरुवारी तो माझ्याकडे आला होता. वहिनी, तुम्हाला त्याची खोड ठाऊकच आहे."

ती साऱ्यांनाच ठाऊक होती. दोन माणसं भांडली की काका त्यांना एक गोष्ट वाटून द्यायचे. सुरुवात याला, पुढचं त्याला. पुरी ऐकायची असेल तर जा त्याच्याकडे.

"मला सुरुवात दिली," मास्तर म्हणाले. "एक न्यायाधीश आणि त्याची बायको. दोघांनाही कवळी. रात्री दोघांच्या कवळ्या शेजारी शेजारी, दोन पेल्यांत. एके दिवशी घाईघाईत न्यायाधीशानं बायकोची कवळी घातली आणि बायकोनं त्याची. इथंच थांबला तो. मी म्हटलं, पुढे? म्हणे, जिन्याखाली विचार."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. किल्लीवाल्यांनी हातातली किल्ली एकदा फिरवली.

"न्यायाधीश कोर्टात बसला," ते खालमानेनं म्हणाले. "चोराला शिक्षा सुनवायला तोंड उघडलं तर आवाज आला, 'चपला बाहेर काढ आधी! आणि जेवलास का?' इकडे बायकोनं दूधवाल्याला दार उघडलं आणि त्याला तीन महिने सक्तमजुरी ठोठावली. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसले. काय झालंय ते दोघांनाही कळलंय. पण आधी कवळी काढायची कुणी? जो काढेल तो हरला. तासभर कुणी बोलेना. शेवटी बायकोनं तोंड उघडलं आणि..."

"आणि?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. थेट. वहिनींना मध्ये न घालता.

"मला काय विचारतोस? तो म्हणाला, शेवट चिमटीकडे आहे."

आता तिघंही तिच्याकडे बघत होते. मास्तरांच्या ओठांवर हसू आधीच येऊन थांबलेलं होतं.

"माझ्याकडे नाहीये," ती म्हणाली. "त्यांनी फोन केला होता. मी म्हटलं, बाळ झोपलंय. नंतर दोनदा आला, तो मी घेतलाच नाही. मला वाटलं, म्हणजे नंतर मला वाटलं, त्यांना बरं वाटत नव्हतं, मदत हवी होती, आणि मी..."

"मदत कसली!" किल्लीवाले म्हणाले. "तुला फोन करून आला तेव्हा माझ्या खोक्यावर बसून हसत होता की. म्हणाला, कुजबुजत बोलते, चोरासारखी."

"मीही केला होता तुला," ते पुढे म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी. शेवट विचारायला. वाजत राहिला."

अनोळखी नंबर. तिला तो आठवला.

"पण मला कशाला?" तिनं विचारलं. "मी कुठे कुणाशी भांडले होते?"

सांगावं की नाही ते काकू ठरवत होत्या. "सात महिने घरात बसून श्वास मोजत होतीस," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आईनं सांगितलं होतं त्यांना. गुरुवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, शेवट पोरीकडे ठेवतो. हे दोघं तिच्या दारात जाऊन उभे राहिले तर आत तरी घेईल, चहा करेल, चार माणसांचे आवाज पडतील घरात. मी म्हटलं, ती नाही दार उघडायची. तर म्हणाले, गोष्टच तशी आहे, उघडेल."

अकरा दिवस ती समजत होती की तिनं बुडत्या माणसाचा हात सोडला. आता कळलं की हात त्यांनीच पुढे केला होता, छातीत दुखत असताना, तिच्यासाठी. हे ऐकून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता कुठे तिला रडू आलं. तोंड दाबून नाही, चांगलं मोठ्यानं. बाळ जागं झालं आणि टकमका तिच्याकडे बघत राहिलं.

कुणी तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "माझ्या मते बायको म्हणाली असेल, 'खटला बरखास्त.'"

"छे!" किल्लीवाले दारातून उठून आत आले. "अरे, तो इतकं सोपं ठेवेल? नवऱ्याची कवळी आहे तिच्या तोंडात. ती त्याच्यासारखं बोलेल, पण म्हणेल स्वतःचं."

"म्हणजे काय?"

"ते कळलं असतं तर मी कुलपं कशाला दुरुस्त केली असती?"

"तू सांग," मास्तर तिच्याकडे वळले. "चार वर्षं त्याच्या शेजारी बसलीस."

तिनं डोळे पुसून खरंच विचार केला. काका स्टुलावर कसे पुढे झुकायचे, शेवटच्या वाक्याआधी कसे मुद्दाम चष्मा पुसत बसायचे, सगळं डोळ्यांपुढे आलं. वाक्य मात्र आलं नाही. "मला नाही येत," ती म्हणाली. "ते यायचंही नाही कधी."

"न येऊ दे. आम्ही बुधवारी विचारायला येतो," मास्तर म्हणाले. "हाही येईल. काय रे?"

"माझे गुडघे दुखतात. कितवा मजला?"

"तिसरा," ती म्हणाली. "लिफ्ट नाही."

टेबलावर कामाच्या चिठ्ठ्यांचं पुडकं पडलेलं होतं. रुग्णाचं नाव, दातांचा रंग, कधी द्यायचं, असे छापील रकाने असलेलं. तिनं दोन चिठ्ठ्या फाडल्या, नावाच्या रकान्यात आपला पत्ता लिहिला, 'कधी द्यायचं' पुढे बुधवार लिहिलं आणि एकेकाच्या हातात एकेक दिली.

काकूंनी मास्तरांच्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली, परत दिली, आणि म्हणाल्या, "मला एक लिहून दे."