चौथ्या रिळातले अडतीस सेकंद

अंगठ्याखालून सरकणारी फिल्म मध्येच अडखळली – अडखळली म्हणजे काय, केसभर जाडी लागली, दुसऱ्या कुणाला कळलीही नसती – पण इतकी वर्षं पातळ हातमोज्यातून फिल्मच चाचपत आलेल्या अंगठ्याला ती कळली, आणि अंगठ्याला कळलेलं मग सावकाश मनगटात उतरत गेलं… त्याने गुंडाळीचा दांडा थांबवला, काचेखालचा दिवा लावला. जोड होता. फिल्म-सिमेंटच्या द्रावाने चिकटवलेला साधा जोड, अजूनही घट्ट. डाव्या अंगाला थर जरा जास्त खरवडलेला. डावखुऱ्या माणसाच्या हातून तो तसाच खरवडला जातो, कितीही जपा.

जोडाच्या अलीकडे नदीवरून पोहून आलेले दोघे दारातून आत येतायत – एक कारकून आणि दुसरा त्याच्या माडीवरचा भाडेकरू – केसांतून पाणी गळतंय. पलीकडे दोघे जेवायला बसलेत, केस कोरडे ठणठणीत. मधलं काहीच नाही. मधलं माझ्या घरी आहे, कपाटाच्या खालच्या खणात, गंजिफ्रॉकांच्या मागे, बिस्किटांच्या डब्यात.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. खरं तर पाहणारं कोणी नव्हतंच. शेजारच्या टेबलावर वकील होता. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, इथलाच, ह्या चित्रपट-संग्रहालयात जुन्या फिल्मा तपासणारा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी दुसरी बाजू मांडायचा, म्हणून वकील. तो नाकावर चष्मा ओढून कुठल्याशा युद्धपटाच्या फिल्मच्या कडेची भोकं मोजत होता.

"काका, चौथं रीळ लावलंत का?" मॅडम दारात उभ्या होत्या. विभागाच्या प्रमुख, पण वय तिशीचं, आणि त्याला आल्या दिवसापासून काका म्हणणाऱ्या. "त्यात एक तुकडा गेलाय बघा. पोहून आल्यानंतरचा. त्या जोडाची नीट नोंद करा, लांबी काढा, कारणाचा रकाना भरा. पाचपर्यंत कागद हवा मला, उद्या सकाळी ही प्रिंट स्कॅनिंगला जाते."

"दुसऱ्या प्रिंटवरून घेता येईल की तेवढा तुकडा," तो म्हणाला. आवाज बरा निघाला.

"दुसरी कुठली? तीन होत्या, तिन्ही भंगारात गेल्या. निगेटिव्ह गोदामाच्या आगीत केव्हाच संपली. जगात आता एवढीच." त्या टेबलापाशी आल्या, वाकून काचेतून पाहू लागल्या. "कुण्या कर्मठ ऑपरेटरने कापला असणार. लाज वाटली असेल. दोन पुरुष एकमेकांपाशी जरा जास्त वेळ उभे राहिले की लोकांच्या पोटात दुखतं."

"दुसरी बाजू अशी," वकील मान वर न करता म्हणाला, "की फिल्म तुटली असेल. उगाच ऑपरेटरच्या नावाने खडे फोडू नका."

"एवढीच नेमकी तुटली? बरं काका, तुमच्या दोन ओळी कुठायत?"

त्या दोन ओळी म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या उत्सवासाठी. अशाच प्रेमाचे चित्रपट दाखवायचे होते – पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, बायकांवर जीव जडलेल्या बायका, ज्यांना आपलं शरीरच आपलं वाटत नाही अशी माणसं – आणि विभागातल्या प्रत्येकाने आपल्या आवडत्या एका चित्रपटाविषयी दोन ओळी लिहून फळ्यावर लावायच्या होत्या. वकिलानेसुद्धा लिहिल्या होत्या, दोन म्हाताऱ्या मैत्रिणींच्या विनोदी चित्रपटावर, आणि चांगल्या लिहिल्या होत्या, मेल्याने. ओळी न देणारा तो एकटाच; विचारलं तेव्हा म्हणाला होता, "मी चित्रपट बघत नाही, तपासतो." सगळे हसले होते. वाक्य तयारच होतं त्याच्याकडे; गेली कितीतरी वर्षं ते तो छत्रीसारखं जवळ बाळगून होता.

"मी हा पहिल्यांदा कॉलेजात पाहिला," मॅडम काचेवरून डोळा न उचलता म्हणाल्या. "हीच प्रिंट. इथे ही उडी आली आणि मला वाटलं, काहीतरी होतं इथे. मग वाटलं, नसेलही, आपलंच डोकं फिरलंय, आपल्यालाच जिथेतिथे तेच दिसतं. कुणाला विचारायची सोय नव्हती. पुढे दोन वर्षांनी माझी जोडीदार भेटली, तिनेही पाहिला होता. तिलाही तसंच वाटलं होतं, आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं." त्या सरळ झाल्या, कंबर दाबली. "असो. पाचला कागद द्या."

मॅडमची जोडीदार रोज संध्याकाळी स्कूटरवरून त्यांना न्यायला यायची, फाटकाशी हॉर्न वाजवायची. सगळ्या कचेरीला माहीत होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला घाम फुटला होता, त्या मुलींच्या वतीने. काय होईल आता यांचं… तर काहीच झालं नाही. पहारेकरी तिला 'ताई, गाडी आत घ्या' म्हणतो.

कर्मठ ऑपरेटर. हा शब्द मात्र बोचला. चोर म्हणा, डरपोक म्हणा, पण कर्मठ…

चोवीस वर्षांचा होता तो तेव्हा, यंत्रावरचा ऑपरेटर. दुय्यम थिएटर, जुने चित्रपट, एकच प्रिंट दोन थिएटरांत मिळून चालवायची. इथे खेळ सुरू झाला की पाऊण तासाने तिथे. इथलं रीळ संपलं की डब्यात घालायचं आणि सायकलवाल्याने ते तिकडे पोचवायचं, तिथलं संपेपर्यंत पुढचं न्यायचं, दिवसाला तीन खेळ, म्हणजे सायकल दिवसभर पायाखाली. त्या सायकलवाल्याला सगळे टपाल म्हणत. जिना चढतानाच तो ओरडायचा, "टपाल आलं!" – दरदरून घाम, खांद्यावर पंचा, आणि दम लागलेला असतानाही हसणारा. खरं नाव होतंच की त्याला, पण मी ते मनातसुद्धा घेत नाही. घेतलं तर पुढे काय करायचं ते कळत नाही.

टपाल यायचा तिसरं रीळ न्यायला, आणि इकडे चौथं चालू असायचं. घेऊन लगेच निघायचं असा नियम. पण चौथ्यात पाचव्या मिनिटाला ते दोघे पोहून यायचे, कारकून पंचा घेऊन भाडेकरूचे केस पुसायला लागायचा. पुसून झाल्यावरही हात तिथेच, पंचा डोक्यावर, दोघे उभे. संगीत नाही, संवाद नाही. यंत्राच्या खोलीतून पडदा दिसायला वीतभर खिडकी होती, ती एकाच माणसापुरती. दोघांना पाहायचं तर खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागायचं, यंत्राची धग पाठीवर घेत. अडतीस सेकंद. मग टपाल डबा उचलायचा आणि जिन्यावरून धडधडत खाली. एकदा तिकडचा पडदा पांढरा पडला, लोकांनी शिट्ट्या घातल्या, टपालने मालकाची यथेच्छ बोलणी खाल्ली; दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबला. सात आठवडे. ह्या अडतीस सेकंदांबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही.

शेवटच्या दिवशी मात्र टपाल दाराशी रेंगाळला. म्हणाला, "उद्यापासून हा लागणार नाही ना?"

"नाही."

"मग मी वर यायचं काही कारण नाही."

आणि मी काय म्हणालो? हातात तेलाची कुपी होती, यंत्राला तेल घालत होतो, आणि म्हणालो, "दुसरा लागेल की." टपाल हसला. डबा उचलून गेला.

सकाळी प्रिंट बांधायची होती. त्याने चौथं रीळ काढलं, पंचाच्या पहिल्या चौकटीपाशी कापलं, शेवटच्या चौकटीपाशी कापलं, उरलेली टोकं जोडली. वाटलं, तीन प्रिंटा आणखी आहेत, एकीतून चिमूटभर गेलं तर कुणाचं काय बिघडतं. टपाल डबे न्यायला आला की म्हणायचं – अर्धा तुझा, अर्धा माझा. वाक्य घोकून ठेवलं होतं. डबे न्यायला दुसराच माणूस आला. टपालला कुठे ट्रकवर नोकरी लागली म्हणे. कुठे? त्या माणसाला माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता उठला. "कुठे रे लेका?" वकील म्हणाला. "गॅस बंद केला का ते बघून येतो," तो म्हणाला. एकट्या माणसाचं एक बरं असतं, त्याचा गॅस कधीही चालू राहू शकतो.

खोली दहा मिनिटांवर. कपाट उघडलं, गंजिफ्रॉकं बाजूला केली, बिस्किटांचा डबा काढून खिडकीपाशी बसला. झाकण घट्ट बसलं होतं. चमच्याच्या टोकाने उचकटावं लागलं. आणि वास आला. आंबूस, नाकात झोंबणारा, व्हिनेगरचा. हा वास कशाचा हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नवीन मुलं कामाला आली की पहिल्याच दिवशी तोच सांगायचा – फिल्म बंद डब्यात ठेवू नका रे, तिची तिलाच वाफ लागते, आतल्या आत सडते, तिला हवा लागू द्या. शेकडो डबे त्याने आपल्या हाताने उघडून वारा दिला होता. हा एक सोडून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे… घ्या.

गुंडाळी आक्रसली होती, कडा लाटांसारख्या वाकल्या होत्या. त्याने टोक हलकेच उलगडून उजेडात धरलं. पंचा. हात. बोटं. अजून होती. थोडी पिवळट, पण होती. अजून वाचेल, त्याच्यातला तपासनीस म्हणाला, यंत्रावर सपाट करून घेतली तर वाचेल, वर्षभराने मात्र विचारू नका. आणि त्याच्यातला दुसरा कोणी – त्याला हुद्दा नव्हता – म्हणाला, ती कॉलेजातली मुलगी. अंधारात बसलेली, उडी आल्यावर इकडेतिकडे बघणारी. आणि तिची जोडीदार, दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या अंधारात. आणि असे किती. मला वाटत होतं मी एकटाच आहे, म्हणून मी ते घरी आणलं. आणि आणलं म्हणून ती सगळी तिथे एकेकटी बसली. त्याला रडू आलं नाही. फार वाईट वाटलं, बस. मग त्याने डबा पिशवीत घातला, झाकण न लावता.

साडेचारला कागद जवळजवळ भरून झाला होता. रीळ क्रमांक, जोडाची जागा, गहाळ लांबी – सत्तावन्न फूट, न मोजता लिहिली, मग दचकून 'अंदाजे' घातलं. कारणाचा रकाना मोकळा. चार महिन्यांत निवृत्ती. 'अज्ञात' लिहिलं की सुटलो. चित्रपट उडीसकट दाखवतील, त्याआधी पडद्यावर दोन ओळी येतील की संकुचित मनाच्या कुणीतरी इथे कात्री चालवली, आणि लोक त्या ऑपरेटरला मनातल्या मनात शिव्या घालतील. घालू देत. पण तुकडा? तुकडा नाव न लिहिता टेबलावर ठेवून द्यावा? वकील तासाभरात उलटतपासणी घेऊन मोकळा होईल.

"व्हिनेगरचा वास येतोय रे कुठून," वकील म्हणालाच.

"जुनं काहीतरी असेल," तो म्हणाला, कागद उचलला, पिशवी उचलली, आणि मॅडमच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

मॅडमनी कागद घेतला, वरून खाली पाहिला. "कारण राहिलं काका. लिहा की, कर्मठ–"

"कर्मठ नव्हता तो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "तुम्हाला काय माहीत?"

आवाज साधाच होता, मॅडमना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यालाही सांगायचं होतं. फक्त सुरुवात सापडेना. तो सुरुवात शोधत राहिला… त्या खिडकीपासून सांगायचं, की सायकलीपासून, की त्या दुसऱ्या थिएटरपासून – तिथे तो एकदाच गेला होता, बरंच नंतर, उसनी आणलेली यंत्राची एक काच परत द्यायला, ते थिएटर बंद पडायच्या बेताला आलं होतं तेव्हा. यंत्राची खोली चांगली ऐसपैस, पंखा होता, दोन मोठ्या खिडक्या. त्यातल्या एका खिडकीपाशी खुर्ची. तिथला म्हातारा ऑपरेटर म्हणाला होता, ही रिळं आणणाऱ्याची, पुढचं रीळ आणायला निघेपर्यंत इथेच पाय पसरून बसायचा, बघायचा निवांत. तेव्हा त्याने नुसतं 'हो का' म्हटलं होतं आणि काच टेबलावर ठेवून निघून आला होता.

म्हणजे चौथं रीळ तिथेही लागायचंच. रोज तीनदा. टपालच घेऊन जायचा ते. पंख्याखाली, खुर्चीवर, घाई नाही की बोलणी नाहीत, सगळे अडतीस सेकंद त्याला तिथे आरामात दिसत होते.

मॅडम वाट बघत होत्या. खाली फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता, आणि बहिणीने लग्नाचं विचारणं सोडलं तेव्हा तिलाही, की आपल्याकडे कोणी आलंच नाही, त्याला कोण काय करणार. आलं होतं. एवढा जिना चढून, नियम मोडून, पडदा पांढरा पाडून आलं होतं, आणि त्याला वाटत राहिलं की ते चित्रपट बघायला येतंय.

"बसा ना काका," मॅडम म्हणाल्या.

तो बसला.