चार चौकोन आणि एक शाल

आक्कांची शाळा दुसरीतच सुटली होती, पण हातात सुई आली की त्या भल्याभल्यांना पाणी पाजत. रफूच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

संग्रहालयानं रफूला दिलेली दोनशे वर्षांची शाल पुरी झाली. तिच्यासोबत आलेला इंग्रजी कागद भरायला दुपारी सून खिडकीपाशी बसली. कागदावर चार चौकोन होते, चौकोनांपुढे चार क्रियापदं. खूण एकावरच करायची. खाली बजावलेलं होतं, की खूण पाहूनच पुढच्या अकरा शाली कुणाकडे द्यायच्या ते ठरेल.

आक्का म्हणाल्या, दुरुस्त केली म्हणून लिही, एवढा काथ्याकूट कशाला? सुनेनं सांगितलं, चारही शब्दांचा अर्थ दुरुस्त करणंच. मग तिनं एकेक उलगडून दाखवला. मोडलेलं पुन्हा कामाला लावलं तर रिपेअर, मग ती खुर्ची का असेना. फाटलेलं सांधलं तर मेंड. मूळचं रूप परत आणलं तर रिस्टोर.

"तेच ते. तिसऱ्यावर मार फुली," आक्का म्हणाल्या. "आणि चौथा?"

"रीकन्स्ट्रक्ट. मूळचं काहीच उरलं नसेल, तिथं आपल्या अंदाजानं नवं घडवायचं."

आक्कांचा हात मांडीवरच थबकला. शालीच्या चार कोपऱ्यांत चार निराळी फुलं होती. चौथं फूल कसरीनं खाऊन टाकलं होतं, एक धागासुद्धा शिल्लक नव्हता. तीन आठवडे त्यांनी ते मनानं विणलं होतं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. घरातही नाही. आणि त्या परक्या भाषेत नेमका त्याच कामाला वेगळा शब्द होता. तिकडेही कुणीतरी असंच भोकासमोर बसलं असेल, नाहीतर एवढं बारीक कुणाला सुचतं?

"चौथ्यावर कर खूण."

सून चपापली. तिसऱ्यावर केली तर अकराही शाली आपल्याच, ती म्हणाली, चौथ्याचं काही सांगता येत नाही. शिवाय नवं कुठं आहे? सगळी शाल तर जुनीच दिसते.

"दिसते ना? म्हणूनच सांगायला हवं. उद्या कुणी त्या फुलापुढं हात जोडेल आणि म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीचा कारागीर बघा. तो बिचारा काय वेगळंच विणून गेला असेल. कर खूण."

सुनेनं खूण केली. खाली एक ओळ होती: नवा भाग दाखवा. तिनं शाल उलटसुलट केली, भिंग लावलं, उजेडात धरली. चार फुलं, चारही सारखीच जुनी.

आक्कांनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि एका कोपऱ्यातल्या फुलाभोवती सावकाश धावदोरा घातला. वेढा तळहाताएवढा झाला. सून त्या पांढऱ्या रेघेच्या आत पाहत राहिली.