छे, नको रे बाबा!

कल्पनात्मक निबंधाचा कायदा कुसुमबाईंनी सव्वीस वर्षं पाळला होता. सूर्य संपावर जावो की झाडं बोलू लागोत, शेवटी ‘छे, नको रे बाबा! आहे तेच बरं’ असं लिहायचंच. नाही लिहिलं की दोन गुण गेले. यंदा दहावीला बाईंनी विषय दिला, ‘जगाचा शेवट झाला तर’. बेचाळीस पोरांनी इमानेइतबारे जग बुडवलं आणि शेवटच्या ओळीत परत वर काढलं. अवनी शेलार मात्र बुडवून मोकळी झाली. ‘म्हणून मी बोर्डाचा फॉर्म भरणार नाही,’ एवढंच तिनं खाली लिहिलं होतं.

बाईंनी सवयीनं दोन गुण कापले आणि मग ती ओळ पुन्हा वाचली. फॉर्मची शेवटची तारीख आजच, ऑफिसची खिडकी पाचला बंद, आणि पोरगी दोन दिवस शाळेत नाही! वडिलांची सही होऊन आली होती, राहिली होती ती तिचीच. एकदा घरी बसलेली पोर पुन्हा वर्गात येत नाही, हे बाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी फॉर्म पिशवीत कोंबला आणि सदाशिव पेठेतून स्कूटर थेट बिबवेवाडीला काढली.

दार अवनीनंच उघडलं.

“ताप आहे का?”

“नाही बाई.”

“मग जग बुडतंय म्हणून सुट्टी? आम्हाला कशी मिळत नाही ती?”

अवनी हसली नाही. “बाई, बाबांचा पाण्याचा टँकर आधी इथल्याच विहिरीवर भरायचा. मग कात्रजच्या पुढे. आता एका खेपेला अर्धा दिवस जातो. मी तुमच्या वयाची होईन तेव्हा कुठून भरायचा? मार्कशीट प्यायची का?”

‘असं काही होत नाही गं’ हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी त्यांचा दीड वर्षाचा नातू होता, आणि त्याच्या विचारानं त्यांना खरोखर भीती वाटली.

“खरं सांगा, राहील का जग?”

“मला माहीत नाही.”

“बाई असून?”

“बाई असून. पण पाणी संपलं म्हणून माणसं त्याच दिवशी मरत नाहीत. आधी भांडतात, मग शोधायला लागतात. तेव्हा शिकलेलं माणूस लागेल. टँकरमागे हिंडलेली दुसरी पोर माझ्या वर्गात नाही.”

“आणि शिकूनही नाही सापडलं तर?”

“तर नाही सापडलं. पण न शोधता हातपाय गाळायचे, हे मला मान्य नाही. कर सही.”

अवनीनं पेन हातात घेतलं. “माझे दोन गुण?”

“देते. चूक माझी होती.”

मग तिनं सही केली, नाव चांगलं पूर्ण लिहून.

बाई शाळेत पोचल्या तेव्हा ऑफिसातले उत्तरेश्वर खिडकी ओढून घेत होते. बाईंनी धावत जाऊन मध्ये हात घातला.

“अहो, अहो! एवढं धावायला काय जग बुडतंय का?”

“बुडू दे,” बाई धापा टाकत म्हणाल्या, “आधी या पोरीचा फॉर्म घ्या.”