तीर्थाने मोडलेला उपास

शर्मिलाताईंनी संकष्टी कधी चुकवली नव्हती, आणि तीर्थाने उपास मोडत नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून त्या संकष्टीला सकाळी कसबा पेठेतल्या घरी पूजा आटोपून, पंचामृताचा छोटा डबा घेऊन त्या थेट इस्पितळात आल्या आणि आमोदला अर्धी वाटी पाजली.

"आई, ऑपरेशन आहे. काही घ्यायचं नाहीये."

"जेवायचं नाहीये रे. हे तीर्थ आहे."

लिव्हरमधलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरेत आमोदच्या जन्मापासूनच एक पडदा होता. रक्त मागे तुंबायचं, पोट पाण्याने फुगायचं. फुगा घालून शीर उघडून पाहिली, पण ती पुन्हा मिटली. आज पोट उघडून तो पडदाच कापून काढायचा होता.

सिस्टरने विचारलं, "रात्रीपासून पोटात काही गेलंय?"

"नाही," आमोद म्हणाला.

"पाण्याचा घोटसुद्धा?"

"नाही हो."

शर्मिलाताईंना राहवेना. "पंचामृत दिलंय मी. थोडंसंच."

भूल देणारे डॉक्टर आले. "दूध, दही? भूल दिल्यावर ते उलटून फुफ्फुसात गेलं असतं, तर काय तुमचा देव काढायला येणार होता?"

पोट रिकामं व्हायला दुपार झाली असती, आणि एवढं मोठं ऑपरेशन दुपारी सुरू करत नाहीत. आमोदच्या जागी दुसऱ्याला आत नेलं. सर्जन जाता जाता म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू. तोवर पाणी वाढलं, तर नुसती शीर मोकळी करून भागणार नाही. लिव्हरच बदलावं लागेल."

रिक्षात आमोद ताणलेल्या पोटावर हात ठेवून बसला होता.

"सांगायचंच होतं, तर पाजलंस कशाला? आणि पाजलंस, तर गप्प बसायचंस. तुला दोन्हीकडचं पुण्य हवं."

"अरे, तुझ्या जिवाला काही झालं असतं तर?"

"आता काय होतंय ते बघ की. निवांत."

संध्याकाळ सरली, चंद्र दिसला. शर्मिलाताईंनी नैवेद्य दाखवला आणि नेहमीच्या सवयीने तीर्थाचा चमचा आमोदपुढे धरला. त्याने ओठ मिटले.

"आधी डॉक्टरांना विचार."

त्यांनी तोच चमचा स्वतःच्या तोंडाशी नेला. दिवसभर पोटात काही नव्हतं, तरी घोट घेववेना. त्यांनी तो पुन्हा वाटीत रिता केला.

उचललेलं तीर्थ परत ठेवायचं नसतं, हेही त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.